मुळाशी एकच अर्थ असतो का? भीतीच्या एका लॅटिन विशेषणाची साक्ष

इंग्रजीतला 'मेटिक्युलस' हा शब्द आज शिफारसपत्रांत, नोकरीच्या अर्जांत आणि प्रबंधांच्या ऋणनिर्देशांत कौतुकाने वापरला जातो. तपशील न सोडणारा, कामात काटेकोर असा माणूस त्यातून अभिप्रेत असतो. या वापरावर अधूनमधून एक ठरावीक आक्षेप घेतला जातो. हा शब्द लॅटिन 'मेतिकुलोसुस' या विशेषणावरून आला, त्याच्या पोटात 'मेतुस' म्हणजे भीती आहे, तेव्हा एखाद्याला 'मेटिक्युलस' म्हणणे म्हणजे त्याला भित्रा म्हणणे होय, असे आक्षेपक सांगतात. शब्दाचा 'खरा' अर्थ त्याच्या मुळात असतो आणि पुढचे सगळे अर्थ अज्ञानातून आलेले असतात, ही समजूत या आक्षेपाच्या तळाशी आहे. तीच समजूत याहून गंभीर वादांतही डोके वर काढते. समलिंगी व्यक्तींविषयीच्या द्वेषाला 'होमोफोबिया' म्हटले की लगेच उत्तर येते, 'फोबिया म्हणजे भीती. मला कुणाची भीती वाटत नाही, म्हणून हा शब्द मला लागू होत नाही.' आणि हे सगळे ऐकून कंटाळलेला दुसरा पक्ष तितक्याच घाईने सांगतो की भाषा बदलतच असते, लोक वापरतात तोच अर्थ, मुळे उकरण्यात काय हशील? हा वाद दोन्ही बाजूंनी वाईट रीतीने लढवला जातो आहे, असे मला वाटते.

माझे म्हणणे आधीच स्पष्ट मांडतो. व्युत्पत्ती हा शब्दाच्या प्रवासाचा पुरावा असतो. त्या शब्दाचा आजचा अर्थ ठरवण्याचा अधिकार तिला नाही. एवढे म्हणून थांबलो तर मी दुसऱ्या पक्षात जाऊन बसेन, आणि तिथे मला बसायचे नाही. मुळाशी गेल्यावर एकच स्वच्छ, निर्विवाद अर्थ हाती लागतो, हे पहिल्या पक्षाचे गृहीतकच मुळात चुकीचे आहे; आणि ते चुकीचे आहे हे दाखवायला मुळाशी जाण्यावाचून दुसरा मार्ग नाही. ज्यांना मुळांचे प्रेम आहे ते मुळापर्यंत पोचतच नाहीत आणि ज्यांना ती अडगळ वाटतात ते आपल्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा स्वतःच फेकून देतात. 'मेतिकुलोसुस' हे विशेषण या दोन्ही चुका दाखवायला फार चांगले आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबून पाहू.

हा शब्द आपल्याला प्रथम भेटतो तो रोमन प्रहसनकार प्लाउतुसच्या नाटकांत, म्हणजे इसवी सनापूर्वी २०० च्या आसपास. 'आम्फित्रुओ' या नाटकात सोसिया नावाचा गुलाम रात्रीच्या अंधारात मालकाच्या घराकडे येतो. त्याचेच रूप घेऊन दारात उभा राहिलेला मर्क्युरी देव त्याची उडालेली गाळण पाहतो आणि म्हणतो की याच्याइतका 'मेतिकुलोसुस' कुणीच नसेल. इथे अर्थ उघड आहे: भित्रा, भेदरट. पण त्याच प्लाउतुसच्या 'मोस्तेलारिया' या दुसऱ्या नाटकात एका पात्राच्या तोंडी असे वाक्य येते की न्यायाधीशापुढे जाणे ही किती 'मेतिकुलोसा' गोष्ट आहे हे तुला ठाऊक नाही. इथे विशेषण स्त्रीलिंगी झाले, कारण ज्याचे ते वर्णन करते तो 'रेस', म्हणजे गोष्ट, हा शब्द लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी आहे. परंतु बदलले ते केवळ लिंग नव्हे. न्यायाधीशापुढे जाण्याची गोष्ट स्वतः कुणाला भीत नाही; ती भीती घालते. एकच नाटककार, एकच काळ, एकच विशेषण, आणि अर्थ दोन, तेही परस्परांच्या समोर उभे असलेले: भिणारा आणि भिववणारा. आता आक्षेपकाला विचारायला हवे की यातला मूळ अर्थ कोणता? आपण 'मेटिक्युलस' माणसाला भित्रा म्हणायचे की भीषण?

शब्दाची घडण पाहिली तर गुंता आणखी वाढतो. 'मेतुस' हे चौथ्या विभक्तिगणातले पुल्लिंगी नाम, जुन्या कवींनी क्वचित स्त्रीलिंगीही वापरलेले. त्याला 'ओसुस' हा 'ने भरलेला' अशा अर्थाचा प्रत्यय लावायचा तर मधल्या 'कुल' या अक्षरांना तिथे काही काम नाही. ती आली शेजारच्या शब्दावरून. 'पेरिकुलुम' म्हणजे धोका आणि त्यापासून रीतसर बनलेले 'पेरिकुलोसुस' म्हणजे धोकादायक. धोका आणि भीती बोलण्यात नेहमी जोडीने येतात, तेव्हा एकाच्या साच्यात दुसऱ्याला ओतले गेले. मराठीत याचे अगदी जवळचे उदाहरण आहे. 'पश्चात्' या शब्दाला प्रत्यय लागून 'पाश्चात्य' बनले, त्यातला 'आत्' मूळ शब्दाचाच आहे. पण त्या जोडीला म्हणून आपण 'पौर्वात्य' बनवले, आणि 'पूर्व' शब्दात तो 'आत्' कुठेच नाही. संस्कृत व्याकरणाच्या शिस्तीचा शब्द 'पौरस्त्य' असा आहे, तरीही शंभराहून अधिक वर्षे मराठी ग्रंथांत 'पौर्वात्य' सुखाने नांदतो आहे आणि त्याचा अर्थ लावताना कुणी अडखळत नाही. ज्या शब्दाच्या 'मूळ शुद्धते'चा हवाला देऊन आजच्या वापरकर्त्याला अडाणी ठरवले जाते, तो शब्द जन्मतःच दुसऱ्याचे रूप उसने घेऊन, हसवणाऱ्या नाटकाच्या बोलभाषेत वावरत आलेला होता. मूळ हे पावित्र्याचे ठिकाण असते ही कल्पना अशा शब्दांपुढे टिकत नाही.

या दुहेरी अर्थाचे कोडे आजच्या भाषाशास्त्राने नव्याने शोधलेले नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आउलुस गेल्लिउस या रोमन लेखकाने आपल्या टिपणवहीत याच प्रश्नावर एक प्रकरण लिहिले. 'फोर्मिदुलोसुस' हे भीतीचेच दुसरे विशेषण जो भितो त्यालाही लागते आणि ज्याला भितात त्यालाही. 'सुस्पिकिओसुस' हे संशय घेणाऱ्यालाही लागते आणि ज्याच्यावर संशय आहे त्यालाही, असे त्याने नोंदवले. पुढे तो 'मेतुस होस्तियुम', म्हणजे 'शत्रूंची भीती', या पदबंधाकडे वळतो आणि सांगतो की शत्रू भितात तेव्हाही हेच म्हणता येते आणि शत्रूंना भितात तेव्हाही. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण आपली षष्ठी नेमकी हेच करते. 'वाघाची भीती' म्हणजे बहुधा आपल्याला वाटणारी. पण 'वाघाची आगीबद्दलची भीती' म्हटले की भिणारा वाघ होतो. प्रत्यय तोच राहतो, भीतीची दिशा उलटी होते, आणि ती दिशा ठरते ती वाक्यावरून आणि प्रसंगावरून.

संस्कृत वैयाकरणांनी ही दिशा ठरवण्याची वेगळी सोय केली, आणि ती सोय पाहताना माझ्या मनात दरवेळी आदर दाटून येतो. भीतीचे कारण हे अपादान, म्हणून तिथे पंचमी, असे पाणिनीने 'भीत्रार्थानां भयहेतुः' या सूत्रात सांगून टाकले. व्याघ्रात् बिभेति, वाघापासून भितो. इथे संदिग्धता उरत नाही. विशेषणांतही त्याने दोन घरे वेगळी केली. 'भी' या एकाच धातूपासून ज्याचा स्वभाव भिण्याचा आहे तो 'भीरु'. आणि ज्याच्यापासून भ्यावे तो 'भीम', ज्यासाठी 'भीमादयोऽपादाने' असे स्वतंत्र सूत्र त्याने केले. भीष्म आणि भयानक हेही त्याच दुसऱ्या गणातले. भीरु आणि भीम या दोघांत धातू एक, पण कुणी 'मूळ एकच आहे' म्हणून भीमाला भित्रा म्हणाले तर आपण त्याला काय उत्तर देऊ? लॅटिननेही काही ठिकाणी अशी विभागणी केली होती: 'तिमेओ' या क्रियापदावरून आलेले 'तिमिदुस' हे फक्त भिणाऱ्याला लागते. पण 'ओसुस' प्रत्ययाने दोन्ही दारे उघडी ठेवली. 'भरलेला' असणे म्हणजे भीतीचा अनुभव करणारे मन असणे की भीतीची साठवण झालेली वस्तू असणे, हे प्रत्यय सांगत नाही. ते बोलणाऱ्यांच्या समाजाने ठरवायचे असते. अर्थाचा वाटा रूढीकडे असतो तो असा पहिल्या दिवसापासून. शुद्ध मुळाला अशुद्ध रूढीने नंतर भ्रष्ट केले, हे चित्र त्यामुळे खरे ठरत नाही.

आता विरुद्ध बाजूचे बळकट मुद्दे मान्य करायला हवेत, कारण ते आहेत. पहिला मुद्दा जुन्या ग्रंथांचा. शब्दाचा आजचा अर्थ घेऊन जुने लिखाण वाचणारा माणूस फसतो. धर्मशास्त्रांतल्या अठरा व्यवहारपदांपैकी, म्हणजे खटल्यांच्या विषयांपैकी, 'साहस' हे एक. तिथे त्याचा अर्थ बळजबरीचा, हिंसक अपराध असा आहे. ते प्रकरण आजच्या मराठी अर्थाने कुणी वाचू लागले तर त्याला वाटेल की स्मृतिकार धाडसी माणसांना शिक्षा फर्मावत आहेत. आणि 'शिक्षा' हा शब्दही संस्कृतात शिकण्याशी बांधलेला आहे, मराठीत दंडाशी. 'राग' तिकडे आसक्ती आणि रंग, इकडे संताप. रोमचा इतिहासकार सालुस्तिउस लिहितो की कार्थेज या शत्रुनगरीच्या विनाशापूर्वी, म्हणजे इसवी सनापूर्वी १४६ च्या आधी, 'मेतुस होस्तिलिस' या गोष्टीने रोमन समाजाला सदाचारात धरून ठेवले होते. 'होस्तिलिस' हे विशेषण शत्रूविषयीचे. पण ही भीती शत्रूला वाटणारी नव्हे, शत्रूमुळे रोमला वाटणारी, हे ज्याला कळले नाही त्याच्या हातून त्या सबंध विचाराचा अर्थच निसटेल. सबब जुना अर्थ ठाऊक असणे ही चैन नव्हे, गरज आहे, हा आक्षेपकांचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. फक्त त्यातून जो निष्कर्ष ते काढतात तो निघत नाही. जुन्या ग्रंथासाठी जुना अर्थ लागतो, तसा आजच्या वाक्यासाठी आजचा अर्थ लागतो. दोन्हीकडे नियम एकच आहे, की शब्द ज्या काळात उच्चारला गेला त्या काळच्या बोलणाऱ्यांना विचारा.

दुसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे आणि तो मांडणारा माणूसही मोठा होता. 'मेटिक्युलस' हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकात आला तो 'भित्रा' याच अर्थाने, आणि पुढे वापरातून गेला. एकोणिसाव्या शतकात तो फ्रेंचच्या वाटेने परत आला, पण आता त्याचा अर्थ होता क्षुल्लक तपशिलांविषयी नको इतका दक्ष. चूक होईल या धास्तीने दहा वेळा तपासणारा माणूस डोळ्यांपुढे आणला की भीतीपासून दक्षतेपर्यंतची ही वाट सहज दिसते. विसाव्या शतकात ती 'नको इतका' ही छटाही झिजली आणि उरली निव्वळ स्तुती. इंग्रजी वापराचा जाणकार एच. डब्ल्यू. फाउलर याने १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशात या शब्दावर कडक टीका केली आणि वृत्तपत्रवाल्यांना या दुष्ट शब्दाची एवढी भुरळ का पडावी, असा प्रश्न केला. त्याच्या चिडण्यामागे एक खरी काळजी होती. काळजीपूर्वक, अचूक, नेमका या अर्थांचे शब्द इंग्रजीत भरपूर होते. ज्या शब्दात भीतीची एक वेगळी छटा होती त्याला त्याच रांगेत उभे केले की छटा गेली आणि मिळाले काहीच नाही. भाषेत भेद हरवतात तेव्हा विचारातलेही भेद पुसट होतात, ही काळजी मला क्षुल्लक वाटत नाही. मराठीत 'भयंकर आवडले', 'भयानक सुंदर' अशी बोलणी ऐकताना मलाही वाटते की भय हा शब्द आता फक्त 'फार' एवढाच उरणार की काय.

तरीही फाउलरचे म्हणणे मी स्वीकारू शकत नाही, आणि त्याचे कारण त्याच शब्दकुळात आहे. 'मेटिक्युलस' नको म्हणणारे लोक त्याच्या जागी बहुधा 'स्क्रुप्युलस' सुचवतात. या दुसऱ्या शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'स्क्रुपुलुस' आहे, आणि त्याचा अर्थ टोकदार बारीक खडा. पायाला बोचणारा खडा, त्यावरून मनाला बोचणारी अस्वस्थता, त्यावरून टोचणी लागलेल्या माणसाचा काटेकोरपणा, अशी त्याची वाट. म्हणजे भीती नको म्हणून आपण खड्याकडे गेलो, आणि खड्यातही पुन्हा मनाची धास्तीच निघाली. 'टेरिफिक' हा शब्द 'तेर्रिफिकुस' म्हणजे भेदरवून टाकणारा यावरून आला आणि आज तो शाबासकी देतो. भीतीचे शब्द तीव्रतेचे शब्द होतात, आणि तीव्रतेचे शब्द स्तुतीकडे सरकतात, हे इतक्या भाषांत, इतक्या वेळा घडले आहे की एका शब्दाला पकडून त्याला अपराधी ठरवण्यात न्याय नाही. हरवलेल्या भेदाबद्दल हळहळ करावी, त्यासाठी नवा शब्द घडवावा, आपल्या लिखाणात जुना भेद जपावा. परंतु समोरच्याने जे म्हटले नाही ते त्याच्या तोंडी घालू नये.

तिसरा मुद्दा कायद्याचा. शब्दांचे अर्थ वाहते ठेवले तर करारांचे आणि हक्कांचे काय होईल, असे विचारले जाते. इथे आपल्या विशेषणाची एक विलक्षण साक्ष आहे. सम्राट जस्टिनियनने ५३३ साली प्रसिद्ध केलेल्या 'दिगेस्ता' या न्यायसंग्रहात, भीतीपोटी केलेल्या व्यवहारांवर एक प्रकरण आहे. त्यात गायुस हा विधिज्ञ सांगतो की व्यवहार रद्द व्हायला लागणारी भीती पोकळ माणसाची नव्हे, तर अत्यंत खंबीर माणसालाही जिने ग्रासावे अशी हवी. आणि उल्पियानुस हा दुसरा विधिज्ञ म्हणतो की एखादा 'मेतिकुलोसुस' माणूस कारण नसताना व्यर्थच भ्याला, तर त्याला असे व्यवहार रद्द करणाऱ्या आज्ञेखाली दाद मिळणार नाही. प्लाउतुसच्या अंधारातल्या गुलामाला लागलेले विशेषण चारशे वर्षांनी न्यायाच्या वाक्यात आले, आणि तिथे त्याने नेमके काम केले. पण ते नेमके कशामुळे झाले? 'मेतुस'ची व्युत्पत्ती पाहून नव्हे. किती भीती, कुणाची, कशामुळे, याच्या मर्यादा विधिज्ञांनी स्वतः आखल्या म्हणून. आपल्याकडच्या १८७२ च्या करार कायद्यातले पंधरावे कलम बळजबरीची व्याख्या करते तेव्हा तर ते भीतीचा शब्दही घेत नाही. दंडसंहितेने मना केलेले कृत्य करणे किंवा तशी धमकी देणे, मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणे किंवा तशी धमकी देणे, आणि त्यामागचा हेतू, एवढ्यावर ते उभे राहते. कायद्याला स्थिरता मिळते ती व्याख्येतून. ज्याला अर्थ पक्का करायचा आहे त्याने तो लिहून ठेवावा. मुळांवर भिस्त ठेवून तो पक्का होत नाही.

उलट मुळांवर भिस्त ठेवली की सत्तेला हवे ते मूळ शोधता येते. याच 'दिगेस्ता'त पोम्पोनियुस या विधिज्ञाच्या नावावर 'तेरितोरियुम' या शब्दाची नोंद आहे, ज्यावरून इंग्रजीतला 'टेरिटरी' हा प्रदेशवाचक शब्द आला. नगराच्या सीमेतल्या सगळ्या जमिनी, असा अर्थ देऊन तो पुढे म्हणतो की काहींच्या मते हे नाव 'तेर्रेरे' म्हणजे भिववणे यावरून पडले, कारण त्या सीमेच्या आत अधिकाऱ्यांना लोकांना भिववण्याचा, म्हणजे हटवण्याचा, हक्क असतो. 'तेर्रा' म्हणजे जमीन हा शब्द डोळ्यांसमोर असताना भीतीकडे धाव घेणारी ही व्युत्पत्ती शब्दाविषयी थोडे सांगते आणि सांगणाऱ्यांच्या राज्यविषयक कल्पनेविषयी पुष्कळ सांगते. उद्या कुणी या आधारावर असा दावा केला की राज्याचा प्रदेश म्हणजे मुळातच धाकाचा प्रदेश, तर आपण तो मान्य करणार आहोत का? आणि नसू, तर 'धर्म', 'राष्ट्र', 'जात' या शब्दांच्या धातूंवरून आजच्या नागरिकांचे हक्क मोजू पाहणारे युक्तिवाद आपण इतक्या मुकाट्याने का ऐकून घेतो?

हा प्रश्न भारतीय परंपरेला नवा आहे असेही नाही, आणि इथे मला वाटते की आपण आपल्याच घरातला ठेवा विसरलो आहोत. 'कुशल' हा शब्द घ्या. त्याची व्युत्पत्ती सांगितली जाते ती कुश नावाचे धारदार गवत आणणारा अशी. हात कापू न देता ते गवत खुडायला सावधपणा लागतो, त्यावरून निपुण. कापले जाण्याच्या धास्तीतून आलेली निपुणता. 'मेतिकुलोसुस'ने केलेला प्रवास आणि हा प्रवास किती जवळचे आहेत! अकराव्या शतकातल्या मम्मट या काव्यशास्त्रकाराने 'काव्यप्रकाशा'त 'कर्मणि कुशलः' हे रूढीवर आधारलेल्या लक्षणेचे उदाहरण म्हणून दिले. म्हणजे निपुण हा अर्थ दुय्यम, कुश आणणारा हा मुख्य. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त यावर हरकत घेतली. शब्दाच्या व्युत्पत्तीचे निमित्त एक असते आणि त्याच्या प्रवृत्तीचे, म्हणजे वापराचे, निमित्त दुसरे असते: 'अन्यद्धि शब्दानां व्युत्पत्तिनिमित्तमन्यच्च प्रवृत्तिनिमित्तम्'. व्युत्पत्तीचा अर्थच मुख्य मानायचा तर 'गौः शेते', गाय झोपली आहे, हे साधे वाक्यही लाक्षणिक ठरेल, कारण 'गो' हा शब्द 'जाणे' या अर्थाच्या धातूवरून सांगतात आणि झोपलेली गाय तर जात नसते. त्याही आधी यास्काच्या 'निरुक्त' या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीवरील ग्रंथात गार्ग्य या आचार्याची शंका नोंदली आहे: वाट व्यापतो म्हणून घोडा 'अश्व', तर वाट व्यापणाऱ्या प्रत्येकाला अश्व का म्हणू नये? या लोकांनी धातूंचा अभ्यास टाकून दिला नव्हता. त्यांच्याइतका तो कुणी केलाही नसेल. धातू किती सांगतो आणि कुठे थांबतो याची सीमा त्यांनी आखली, आणि ती आखता आली ती अभ्यासामुळेच.

याच सीमेपाशी 'फोबिया'चा वादही निकालात निघतो. 'फोबिया म्हणजे भीती' असे सांगून जो सुटू पाहतो तो मुळाच्या अर्ध्या वाटेवर थांबलेला असतो. होमरच्या काव्यात 'फोबोस' याचा अर्थ भीती नव्हे, तर रणांगणातून उडालेली पळापळ. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या आरिस्तार्खुस या भाष्यकाराने हे दाखवून दिले होते. मागे पळणे या क्रियापदावरून ते नाम आले आहे. मुळालाच मान द्यायचा तर जो पाठ फिरवून धावत नाही त्याला भीतीही नाही असे म्हणावे लागेल. शिवाय रसायनशास्त्रात तेलाच्या रेणूला 'हायड्रोफोबिक' म्हणतात. त्या रेणूला पाण्याचे भय वाटते असे कुणी समजत नाही. शब्दाचा उत्तरार्ध तिथे 'दूर राहणारा, न मिसळणारा' असे सांगतो आणि ते सगळ्यांना कळते. मग माणसांच्या बाबतीतच कळेनासे का होते? एखाद्याला 'होमोफोबिया' हा शब्द अन्यायाचा वाटत असेल तर त्याने आपले वर्तन आणि आपली मते पुढे ठेवून ते दाखवावे. तो वाद प्रामाणिकपणे होऊ शकतो. ग्रीक नामाच्या आड उभे राहून तो टाळता येत नाही.

दुसऱ्या पक्षालाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. 'वापरतात तोच अर्थ, मुळे विसरा' असे म्हणणाऱ्याला लॅटिनचे एक तीन शब्दांचे वाक्य वाचायला द्यावे: 'तिमेओ ने वेनियात'. 'तिमेओ' म्हणजे मी भितो, 'वेनियात' म्हणजे तो यावा, आणि मधला 'ने' नकाराचा. एकेका शब्दाचा कोशातला अर्थ लावणारा म्हणेल, तो येणार नाही अशी मला भीती वाटते. अर्थ नेमका उलटा आहे: तो येईल अशी मला भीती वाटते. हे असे का होते ते वाक्याचा इतिहास पाहिला तरच कळते. एके काळी ती दोन वाक्ये होती: मी भितो आहे, तो न येवो. ती जुळून एक झाली आणि नकार आत अडकून राहिला. मराठी माणसाला हे समजायला एक क्षणही लागू नये, कारण मळणीच्या दिवसांत आभाळ भरून आले की 'पाऊस न येवो म्हणजे झाले' असे आपण म्हणतो, आणि त्या 'न' मध्ये पाऊस येईल ही भीतीच बोलत असते. फक्त रूढी पाठ केलेल्याला हे वाक्य लक्षात ठेवता येईल. ते असे का आहे हे त्याला विद्यार्थ्याला सांगता येणार नाही. त्याला फाउलरला उत्तर देता येणार नाही, कारण 'मेतिकुलोसुस' आधीपासूनच दुहेरी होता हे त्याला ठाऊक नसेल. त्याला 'फोबोस'ची पळापळ दाखवता येणार नाही. व्युत्पत्तीचा गैरवापर करणाऱ्याला तो फक्त 'लोक असेच बोलतात' एवढे सांगू शकेल, आणि त्यावर समोरचा म्हणेल की लोक चुकतात.

उद्या या विशेषणाची तीन वेगवेगळी वाक्ये मराठीत आणायची वेळ आली, तर मी काय करीन हे सांगतो. उल्पियानुसच्या वाक्यात मी 'भित्रा' लिहीन, आणि तळटिपेत गायुसच्या खंबीर माणसाचा उल्लेख करीन, कारण तो नसेल तर या भित्र्याला दाद का नाकारली हे वाचकाला कळणार नाही. 'मोस्तेलारिया'तल्या न्यायाधीशापुढे जाण्याच्या गोष्टीला 'छातीत धडकी भरवणारी' म्हणेन. तिथे 'भित्री' लिहिले तर ते वाक्य वेड्यासारखे होईल. आणि एखाद्या संशोधिकेच्या 'मेटिक्युलस' नोंदींविषयी इंग्रजीत लिहिलेला अहवाल समोर आला, तर तिच्या नोंदींना बिनदिक्कत 'काटेकोर' म्हणेन. यावर कुणी विद्यार्थी विचारील की एकाच शब्दाची तुम्ही तीन भाषांतरे कशी केलीत, तेव्हा त्याला उत्तर देण्याआधी मी प्लाउतुसची ती दोन वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहीन आणि त्यातले मूळ कोणते ते त्यालाच निवडायला सांगेन.